वापरकर्ता क्रमांक तीन

ऑफिसात बारकीला सगळे हुशार समजत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आकड्यांचा ढीग तिच्यापुढे ओतला की ती त्यातून असा काही डॅशबोर्ड उभा करायची, की आकडे बघून ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात तोही दोन मिनिटं थांबून बघायचा. कुठे किती भरलं, कुठे काय अडलं, काय बिघडायच्या बेतात आहे, सगळं एका नजरेत कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. 'एका नजरेत' हे तिचं पालुपदच होतं. नजर कुणाची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

बारकी हे नाव मामाने ठेवलेलं. वडिलांची नोकरी फिरतीची, दर दोन वर्षांनी नवं गाव आणि नवी शाळा, म्हणून सहावीपासून बारावीपर्यंत ती मामाकडे राहिली. आली तेव्हा दप्तर उचललं की मागे झुकायची. आता ती चांगली उंचपुरी, चष्मा लावणारी, दहा माणसांसमोर न अडखळता बोलणारी बाई झाली होती, पण मामाच्या तोंडून बारकी काही सुटली नाही. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. होती ती बारकीच.

मामा शहराच्या पाणी केंद्रात ऑपरेटर होता. नदीचं पाणी तिथे गाळून, औषध घालून, सहा मोठ्या पंपांनी शहरभर ढकललं जायचं. पंप खालच्या घरात, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा माणूस वरच्या खोलीत. सत्तावीस वर्षं तो माणूस म्हणजे मामा. बाकीचे दोन ऑपरेटर येत-जात राहिले. आत्ताच्यांपैकी एकाला चार वर्षं झाली होती, एकाला सहा.

वरच्या खोलीत भिंतभर एक लोखंडी पॅनल होतं, राखाडी रंगाचं, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेलं. प्रत्येक पंपाला दोन दिवे, एक वर, एक खाली. वरचा पेटला की पंप चालू, खालचा पेटला की बंद. समोर मामाची खुर्ची, तिच्यावर मामीने शिवून दिलेली उशी चार कोपऱ्यांना नाडीने बांधलेली. डाव्या हाताला पंपघराकडे उघडणारी खिडकी. मामा म्हणायचा, "दिवे बघायला लागतातच असं नाही. खोलीचा आवाज बदलला की कळतं." लोकांना ती बढाई वाटायची. बढाई नव्हती.

हे पॅनल काढून तिथे मोठी स्क्रीन लावायचं ठरलं आणि ते काम बारकीच्या कंपनीकडे आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मामाला झाला. अभियंता साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्याने आपण होऊन सांगितलं, "ते काम करणारी आहे ना, ती भाची माझी. माझ्या घरात वाढलेली." साहेबांनी चहा मागवला. मामाला त्या केबिनमध्ये चहा मिळायची सत्तावीस वर्षांतली ती दुसरी वेळ.

बारकीने मन लावून काम केलं. पांढरीशुभ्र स्क्रीन, मधोमध सहा गोल ठिपके. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, नारिंगी म्हणजे काहीतरी बिनसलंय. पहिल्या आराखड्यात ठिपक्यांखाली 'चालू', 'बंद' असे शब्द होते. तिने ते काढून टाकले. शब्दांनी गर्दी होते, रंग सांगतोय ना, मग पुन्हा लिहायचं कशाला? ज्या दिवशी ती स्क्रीन दाखवली त्या दिवशी टाळ्या पडल्या. मामाने सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या. त्याला त्या स्क्रीनवर काय दिसत होतं हे तेव्हा एकट्या त्यालाच माहीत होतं.

ठरल्याप्रमाणे जुनं पॅनल महिनाभर बाजूला चालू राहायचं होतं. पण भिंत रंगवायची निघाली आणि रंगारी आठवड्यातच आला, म्हणून पॅनल उतरवलं. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून पंपघराकडच्या खिडकीला जाड काच बसवली. खोली कशी शांत झाली! येणारा-जाणारा म्हणायचा, आता बसावंसं वाटतं इथे.

त्या शांत खोलीत एका दुपारी चार नंबरचा पंप थांबला. स्क्रीनवरचा चौथा ठिपका लाल झाला, आणि मामा त्याच्याकडे बघत बसून राहिला. नऊ मिनिटं. मग टाकीची पातळी उतरतेय हे आकड्यांत दिसलं, तेव्हा तो धावत जिना उतरला. कुणाच्या नळाला काही फरक पडला नाही, पण मशीनने नोंद ठेवली होती. विलंब, नऊ मिनिटं. अभियंता साहेब हसत म्हणाले, "डुलकी लागली होती की काय?" मामाही हसला. डुलकी लागली असं समजलं तर बरंच, असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी बारकी मामाकडे गेली. मामी वाळलेले कपडे घडी करत बसली होती. मामाच्या मोज्यांच्या जोड्या ती एकात एक गाठ मारून ठेवायची. लहानपणापासून बारकीने त्या गाठी पाहिल्या होत्या, आणि मामी जरा जास्तच व्यवस्थित आहे एवढाच त्याचा अर्थ लावला होता.

"बारके," मामा म्हणाला, "चार नंबर बंद पडला तेव्हा तुझ्या स्क्रीनवर काय झालं?"

"काय म्हणजे? ठिपका लाल झाला."

"माझ्यासाठी नाही झाला."

बारकीला आधी कळलंच नाही. स्क्रीन बिघडली असं वाटून ती फोन काढायला लागली.

"स्क्रीनला काही झालेलं नाही," मामी घडी न थांबवता म्हणाली. "यांनाच दिसत नाही. लाल नि हिरवं. जन्मापासून."

मामाने मामीकडे पाहिलं. मग उघड झालंच आहे तर सगळंच सांगून टाकावं, तसा तो बोलत सुटला. "दोन्ही सारखेच दिसतात गं मला. चालू काय नि बंद काय, वाळलेलं गवत नुसतं. जुन्या पॅनलवर बरं होतं. वरचा दिवा, खालचा दिवा. रंग कोण बघतंय? आता एकच ठिपका, नि तो जागचा हलत नाही."

"पण मग नोकरी कशी लागली तुला? तपासणी असते ना?"

मामाच्या चेहऱ्यावर जुना खोडकरपणा आला. "असते की. ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं दाखवतात, त्यात आकडा लपलेला असतो. रांगेत पाचवा होतो मी. पुढचे चौघं मोठ्याने सांगत होते. बारा, आठ, एकोणतीस, पाच. वही तीच, पानं त्याच क्रमाने. माझी पाळी येईपर्यंत सगळं तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम चोख आहे!"

तिघंही हसली. हसता हसता बारकीला आठवली शाळेची रिबीन. सातवीत स्नेहसंमेलनाला हिरव्या रिबिनी हव्या होत्या आणि मामा तपकिरी घेऊन आला होता. तिने थयथयाट केला होता, "एवढंही कळत नाही का तुला!" म्हणून रडली होती. मामा म्हणाला होता, दुकानदारच वेंधळा. आणि पुन्हा दुकानात गेला होता, मामीला बरोबर घेऊन. सात वर्षं एका घरात राहून जे तिला दिसलं नाही, ते 'एका नजरेत' दाखवायचा धंदा ती करत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"तू आधी का नाही बोललास?"

"टाळ्या वाजत होत्या ना," मामा म्हणाला. "ऐक. पुन्हा एकदा असा उशीर झाला तर चौकशी लागेल. नियमाप्रमाणे असा डोळा असलेल्या माणसाला त्या खोलीत बसता येत नाही. अडीच वर्षं राहिलीत माझी. त्याच खुर्चीतून उठून घरी यायचंय मला. दुसरं काही नको."

"मी बघते मामा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"घरातली म्हणून सांगितलं हं तुला," मामी म्हणाली.

बारकी दोन आठवडे झपाटल्यासारखी राबली. असं काम तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी केलं नाही. चालू पंपाला गोल, बंद पंपाला चौकोन, बिनसलेल्याला त्रिकोण. मधून एक आडवी रेघ. पंप चालू असला की खूण रेघेच्या वर, थांबला की घसरून खाली. शेजारी ठळक शब्द, चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता यावेत असे. काही बंद पडलं की एक घंटा, आणि ती दाबल्याशिवाय गप्प बसणार नाही. मग तिने स्क्रीनवरचे सगळे रंग काढून टाकले, नुसतं काळं-करडं ठेवलं आणि बघितलं. एकही गोष्ट हरवली नाही. तिने रंग परत घातले, पण आता ते नसते तरी चाललं असतं.

एका संध्याकाळी तिने लॅपटॉप मामाच्या टेबलावर ठेवला आणि एकेक पंप बंद पाडायला सुरुवात केली. मामा मोजल्यासारखा बोलत गेला. "तीन बंद. सहा बिनसला. तीन परत चालू." एकदाही चुकला नाही. शेवटी तो खुर्चीत मागे रेलला.

"हे तर माझं जुनं पॅनलच झालं की गं!"

"मग! तुझंच बघून केलंय."

तो उठून आत गेला आणि मामीला हाताला धरून बाहेर घेऊन आला, दाखवायला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मंजूर झालेली स्क्रीन बदलायची तर कारण द्यावं लागतं, आणि कारण कंपनीच्या प्रमुखबाईंना पटावं लागतं. बारकीने सांगितलं, शंभर पुरुषांत पाच-सात जणांना तरी लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. बाईंनी जांभई आवरली. "आकडे कुणाच्या मनाला भिडतात? एक माणूस दाखव. त्याच्या तोंडचं एक वाक्य दे. मग बघ कसं मंजूर होतं ते." आकडे दाखवून पोट भरणाऱ्या कंपनीची प्रमुख हे बोलली, आणि ती बरोबरच बोलत होती.

माणूस दाखवायची कंपनीची एक ठरलेली रीत होती. वापरणाऱ्याशी बोलायचं आणि एक तक्ता भरायचा. काम कोणतं, सेवा किती वर्षं, काय घडलं, त्याच्या स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला. नाव मात्र कधीही लिहायचं नाही, नावाऐवजी क्रमांक. माणसाचं गुपित राखायची ही रीत, आणि तिचा ऑफिसात सगळ्यांना फार अभिमान. बारकी केंद्रातल्या तिन्ही ऑपरेटरांशी रीतसर बोलली आणि तिने तीन तक्ते भरले.

तिसरा तक्ता तिने पुन्हा पुन्हा वाचला. 'वापरकर्ता क्रमांक तीन. ऑपरेटर. सेवा सत्तावीस वर्षं. चार नंबरचा पंप थांबल्यावर वापरकर्त्याला रंगातला फरक ओळखता आला नाही. विलंब नऊ मिनिटं.' आणि खाली मामाचं वाक्य, जसंच्या तसं. 'चालू काय नि बंद काय, वाळलेलं गवत नुसतं.'

सत्तावीस वर्षं हे लिहावं की नाही, असं तिच्या मनात एकदा आलं. 'दहा वर्षांहून अधिक' असं लिहिता आलं असतं. पण तक्त्यात खरं तेच लिहायचं असतं, आणि नाव तर कुठेच नव्हतं. शिवाय ते वाक्य! असं वाक्य वर्षभर लोकांशी बोलूनही हाती लागत नाही. तिने ते मोठ्या अक्षरांत एका वेगळ्या पानावर घेतलं. मामा वाचावा म्हणूनच ती हे करत होती, यात शंका नाही. पण ते पान सजवताना तिला मामा आठवत नव्हता. पान छान झालं, एवढंच वाटत होतं.

केंद्राच्या मीटिंगला वापरणाऱ्यांनाही बोलवावं, ही सूचना बारकीचीच. तिन्ही ऑपरेटर मागच्या रांगेत बसले. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बारकी बोलत गेली, पानं सरकत गेली, आणि ते वाक्य भिंतीवर आलं, हातभर उंच अक्षरांत. त्याच्या खाली बारीक अक्षरांत, वापरकर्ता क्रमांक तीन, सेवा सत्तावीस वर्षं.

चार वर्षं झालेल्या ऑपरेटरने मान वळवून मामाकडे पाहिलं आणि लगेच पुढे बघितलं. सहा वर्षंवाल्याने तेवढंही केलं नाही. मामा भिंतीवरचं आपलं वाक्य वाचत होता. मग त्याने खाली बघून शर्टाची बाही सारखी केली, ती सारखीच होती तरी.

आपण काय केलं ते बारकीला आता कळलं. पण पुढचं पान तिच्या हाताने आपोआप सरकवलं आणि ती बोलत राहिली.

"उत्तम," शेवटी अभियंता साहेब म्हणाले. "फार उत्तम काम. स्क्रीन मंजूर." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि ते दुसरं... ते बघावं लागेल मला."

तिसऱ्या दिवशी मामाला डोळे तपासायचं पत्र आलं. या वेळी पुढे रांग नव्हती.

बारकी धावत साहेबांकडे गेली. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघा, मला अंदाज होता," ते म्हणाले. "एकदा विजेच्या वायरचा रंग विचारला होता मी त्यांना, विषय बदलला त्यांनी. मी डोळेझाक केली. काम चोख होतं माणसाचं. पण आता लेखी आलंय. लेखी आल्यावर मी कुठे बघू?"

"सत्तावीस वर्षांत त्यांची एक चूक नाही, साहेब."

"आहे ना. नऊ मिनिटं."

"ती त्यांची नाही. माझ्या ठिपक्याची आहे. मी शब्द काढून टाकले होते. तुम्ही खिडकी बंद केलीत. पॅनल महिनाभर ठेवायचं होतं, ते आठवड्यात उतरवलंत. त्यांनी काय करायचं होतं?"

"हे रिपोर्टात कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. "रिपोर्टात तर असं आहे की वापरकर्त्याला फरक ओळखता आला नाही. तुमचंच वाक्य आहे. तुम्ही मला लिहून द्या की पहिली स्क्रीन सदोष होती, फरक स्क्रीननेच पुसला होता. कंपनीच्या सहीने द्या. मग मला वर बोलता येईल. खिडकीचं मी माझ्या अंगावर घेतो."

बारकीने त्याच दिवशी प्रमुखबाईंना सांगितलं. बाईंनी तिला पूर्ण बोलू दिलं. "सदोष हा शब्द कंपनी स्वतःविषयी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "आधीची चांगली होती, आताची अधिक चांगली आहे. तुला तुझ्या नावाने लिहायचं असेल तर लिही. पण मग तू कंपनीत नसशील, आणि कंपनीत नसलेल्या बाईच्या कागदाला ते काय विचारणार?"

बारकी रात्रभर वगैरे तळमळली नाही. घरी गेली, जेवली, झोपली. सकाळी उठून तिने कागद घेतला, 'पहिली स्क्रीन' एवढं लिहिलं, आणि कागद पुस्तकात ठेवून दिला. उद्या लिहू म्हणाली. असे बरेच उद्या गेले. तेवढ्यात तपासणीचा निकाल आला आणि मामाची त्या खोलीतून बदली झाली. मग लिहून उपयोग नाही, असं म्हणायची सोय झाली.

मामीकडे ती गेली तेव्हा मामा घरी नव्हता, किंवा आतल्या खोलीत होता आणि बाहेर आला नाही. ती खुर्चीवरची उशी मामीच्या मांडीवर होती. मामी नाड्या उसवत होती.

"घरातली म्हणून सांगितलं होतं गं," ती म्हणाली. "ऑफिसातली म्हणून नव्हतं सांगितलं."

"नाव नव्हतं लिहिलं मामी मी. खरंच नव्हतं."

"नाव लिहायला हवं होतं का?" मामीने विचारलं. तिने चहा विचारला नाही. त्या घरात बारकीला चहा विचारायची पद्धत नव्हतीच, तिने स्वतः करून घ्यायचा असायचा. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली नाही आणि मामीनेही जा म्हटलं नाही.

चार महिन्यांनी केंद्रात स्क्रीनची आढावा बैठक होती. बारकीला बोलावणं आलं. टाळता येण्यासारखं नव्हतं.

फाटकाजवळच्या खोपटात मामा बसला होता. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि कार्ड द्यायचं, हे आता त्याचं काम. शेजारी फाटकाचा रखवालदार उभा होता. टेबलावर कार्डांचे दोन खोके होते. पाहुण्याला हिरवं कार्ड, कामाच्या कंत्राटावर आलेल्याला लाल. बारकीने ते खोके पाहिले. ज्याला रंग दिसत नाही म्हणून खुर्चीवरून उठवलं, त्याला रंग वाटायला बसवलं होतं, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"नाव?" मामाने विचारलं.

"मामा..."

"वहीत लिहायला लागतं."

तिने पूर्ण नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. त्याने वळणदार अक्षरात लिहून घेतलं. मग न बघता डाव्या खोक्यात हात घातला, कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते तिच्यापुढे ठेवलं. लाल होतं. एक कोपरा कात्रीने तिरका कापलेला. तिने खोक्यात पाहिलं, सगळ्याच लाल कार्डांचा तोच कोपरा कापलेला होता, हिरव्यांचा नाही.

"कोपरा कापलाय तो कंत्राटाचा," मामा म्हणाला. "पहिल्याच दिवशी कापून ठेवले. जाताना परत करा."

पहिल्याच दिवशी. कात्री घेऊन, पाच मिनिटांत. ना तक्ता, ना मीटिंग, ना कुणाचं वाक्य भिंतीवर. बारकीने कार्ड गळ्यात अडकवलं आणि ती जिना चढली.

वरच्या खोलीत मामाच्या जागी नवा ऑपरेटर होता. खुर्चीही नवी होती. स्क्रीन छान चालली होती, एकही तक्रार नव्हती. "एकच आहे," तो भीत भीत म्हणाला. "हे गोल, चौकोन, त्रिकोण, आणि मध्येच वर-खाली होणं, गडबडायला होतं जरा. शब्दही फार मोठे आहेत. मला रंग दिसतात ना व्यवस्थित."

"तेही खरंच," अभियंता साहेब म्हणाले. त्यांनी बारकीकडे बघायचं टाळलं. "आता इथे सगळ्यांचीच तपासणी झालीय. ज्याच्यासाठी केलं होतं, तो माणूस काही आता... म्हणजे, गरज उरलेली नाही. पुढच्या वेळी साधे ठिपके करून टाकाल?"

पहिल्या स्क्रीनची सगळी पानं अजून तिच्याकडे होती. दोन दिवसांचं काम. प्रमुखबाई शेजारी बसल्या होत्या. बारकीने स्क्रीनकडे पाहिलं. दोन नंबरचा पंप कुणीतरी सफाईसाठी थांबवला होता. गोलाचा चौकोन झाला आणि रेघेखाली उतरला, अगदी तिने ठरवलं होतं तसा.

"होईल," ती म्हणाली.

परतताना फाटकाजवळ गर्दी नव्हती. रखवालदार लांब एका गाडीशी बोलत होता. मामाने वहीत जायची वेळ लिहिली आणि कार्डासाठी हात पुढे केला. तिने कार्ड दिलं. त्याने कोपरा चाचपला आणि ते डाव्या खोक्यात टाकलं. मग, वहीवरून मान न उचलता, त्याने हळूच विचारलं, "बारके, त्रिकोण ठेवलेत ना गं?"

"हो," ती म्हणाली. "ठेवलेत."

"मग झालं. माझं जाऊ दे. माझ्यासारखा दुसरा कुणी आला तर तो तरी खुर्चीत बसेल."

त्याने मान वर केली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला. त्याने तिच्यावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला होता.